चौकीतले चार तास

१

वासूला कासरमाळच्या चौकीतून दवाखान्यात आणलं तेव्हा संध्याकाळचे सहा वाजायला आले होते. आणणाऱ्या पोलिसांनी सांगितलं, पाच वाजेपर्यंत गडी ठणठणीत होता, चहा प्यायला, मग छातीत दुखतंय म्हणाला आणि वाटेतच गेला. डॉक्टर नेत्रानं सगळं ऐकून घेतलं आणि वासूचा हात उचलून बघितला. हात कोपरात वाकेना. तासाभरापूर्वी चहा प्यायलेल्या माणसाचा हात असा ताठत नाही. हे कळायला डॉक्टर कशाला हवी, घरच्या मयताला एकदा आंघोळ घातलेली कुठलीही बाई सांगेल. नेत्रानं कागदावर लिहिलं: मृत्यू दुपारी एकच्या सुमारास, मानेमागे काठीचा जोरदार मार. सही केली आणि कागद चौकीवाल्यांच्या हाती न देता सरळ जिल्ह्याला पाठवला. पोरगी नोकरीत नवी होती, म्हणून तिला हे सुचलं.

चौथ्या दिवशी जिल्ह्याहून इन्स्पेक्टर सुमंगला चौकशीला आली. ही मूळची रामनगरची. पोलिसात बावीस वर्षं झालेली, त्यातली तीन प्रशिक्षण शाळेत पोरांना शिकवण्यात गेलेली. काय शिकवायची? काठी कधी उचलायची, कधी खाली ठेवायची, आणि उचललीच तर त्याचा जाब कसा द्यायचा. पोरं जांभया द्यायची, ही शिकवायची.

चौकीच्या अहवालात लिहिलं होतं ते असं. सागवान चोरीच्या संशयावरून वासूला सकाळी अकराला नाल्याजवळ हटकलं. तो कमरेचा कोयता उपसून अंगावर धावून आला. पोलिसांनी गरजेपुरतं बळ वापरलं, काठी कमरेखालीच चालवली. कोयता जप्त केला. जप्त कोयत्याच्या मुठीवर तीन खाचा होत्या, आणि तो वासूचाच होता, ह्यात त्याच्या वाडीतही कुणाचं दुमत नव्हतं.

ह्या अहवालावर वरचा शिक्का बसला की संपलं सगळं. मेलेला हल्लेखोर ठरणार, मारणारे आपला जीव वाचवणारे ठरणार, आणि वासूची बायको पुतळी जन्मभर पोलिसांवर कोयता उगारणाऱ्याची बायको म्हणून जगणार. सुमंगलेला सोमवारपर्यंत आपलं म्हणणं कळवायचं होतं. तिला एकच प्रश्न छळत होता. एक वाजता मेलेल्या माणसाला पाच वाजेपर्यंत चौकीत ठेवून ही माणसं कशाची वाट बघत बसली होती?

२

चौकीत माणसं तीनच. भिंतीवर एक कॅमेराही होता, पण तो नेमका त्याच आठवड्यात बंद पडलेला. असे कॅमेरे कधी बंद पडतात, हे सुमंगलेला आता पाठ झालं होतं.

पहिला आला फौजदार प्रशांत. बेळगावकडचा, आवाज मोठा.

"मॅडम, तुम्ही पण खाकीच घालताय की," तो म्हणाला. "ही माणसं अंघोळीलासुद्धा कोयता घेऊन जातात. तुमच्यावर उगारला असता तर तुम्ही काय आरती ओवाळली असती?"

"तुमच्यावर उगारला?"

"माझ्यावर नाही. मी तालुक्याला कोर्टात होतो, दीड वाजेपर्यंत."

ते खरं होतं. कोर्टाच्या वहीत त्याची साक्ष लागलेली तिनं येतानाच बघितली होती.

"दोनला परत आलात. मग कोयता पहिल्यांदा कधी बघितलात?"

"ते काय ध्यानात नाही."

कोर्टात किती वाजेपर्यंत होता हे न विचारता सांगणारा माणूस, आणि एवढंच त्याच्या ध्यानात नव्हतं.

दुसरा हवालदार महाबळेश्वर. कुमट्याकडचा म्हातारा, निवृत्तीला सहा महिने उरलेले. ह्या चौकीवर येऊन महिनाच झाला होता, आणि जंगलातलं त्याला काही ठाऊक नव्हतं. अहवालावर सही त्याचीच. तो सुमंगलेकडे बघेचना, टेबलाच्या कडेकडे बघत बोलला.

"मी आत भात लावला होता. बाहेर आवाज झाला."

"कसला?"

"काठीचा."

"मग?"

"मग मी भात ढवळत बसलो, मॅडम."

अहवालात मार नाल्याजवळ बसला होता, आणि भाताचं पातेलं काही नाल्याजवळ नव्हतं. महाबळेश्वरच्याही ते ध्यानात आलं असावं. त्यानं तोंड मिटलं ते मिटलंच, मारलं कुणी ह्यावर शेवटपर्यंत बोलला नाही.

तिसरा नागराज. ह्याच भागातल्या नंदिगड्ड्याचा, सव्वीस वर्षांचा, आणि सुमंगलेच्या हाताखाली शिकलेला. त्या वर्षीचा पहिला नंबर त्याचाच. तो आत आला, कडक सलाम ठोकला, आणि खरं सांगायचं तर तिला त्याही जागी त्याला बघून बरं वाटलं.

"मी सकाळपासून गुंदच्या फेरीवर होतो, मॅडम. आलो तेव्हा सगळं होऊन गेलं होतं. अहवाल तेवढा मी लिहिला, हवालदारांना लिहायचा कंटाळा म्हणून."

"गरजेपुरतं बळ, काठी कमरेखाली. ते वाक्य तुझं?"

"तुमचं," तो म्हणाला. "तुम्हीच शिकवलंय."

फळ्यावर आपण खडूनं लिहिलेलं वाक्य आज एका मयतावर पांघरूण म्हणून घातलंय. पण हा पोरगा निदान खोटं बोलणार नाही, असं तिनं मनाशी ठरवून टाकलं. बाईचा अनुभव मोठा, पण शिकवलेल्या पोरावरचा जीव त्याहून मोठा, त्याला काय करणार.

३

दुसऱ्या दिवशी ती साध्या साडीत, सकाळच्या बसनं कुंभारवाड्याच्या पलीकडे वासूच्या वाडीत गेली. खाकी जीप वाडीत शिरली की माणसं मुकी होतात, हे तिला ठाऊक होतं. सहा घरांची वाडी. भाताची कापणी अर्धी राहिलेली.

वासूचा थोरला भाऊ देमू ओसरीवर बसला होता. तो म्हणाला, "कोयता घेऊनच गेला तो. कामाला वर जंगलात जायाचा होता, कोयत्याबिगर जाईल कसा? मी बघितला की कमरंला."

आतून पुतळीचा आवाज आला. "पोलिसांनी धरला तवा कोयता न्हवता त्येच्याकडं."

"तू होतीस तिथं?" सुमंगलेनं विचारलं.

"न्हाई."

"मग तुला कसं ठाऊक?"

पुतळी दारात आली. तिशी ओलांडलेली बाई, डोळे कोरडे. ती काही सांगणार असं वाटलं, तेवढ्यात देमू बोलला.

"म्हंजे कुणीतरी नंतर नेऊन दिला त्यांना. आमच्यातलाच कोण तरी असणार, दुसऱ्याला कशाला गावतोय वासूचा कोयता? कळू दे मला. त्येला ह्या वाडीत उभा ऱ्हाऊ देणार न्हाई. माझा भाऊ त्या कोयत्यानं चोर ठरला, अक्का."

पुतळी मागं फिरून आत गेली. सुमंगला तासभर थांबली. भांडी घासल्याचा आवाज येत राहिला, बाई मात्र परत बाहेर आली नाही. एक जण म्हणतो कोयता होता, एक म्हणते नव्हता, आणि दोघंही खोटं बोलणाऱ्यातले दिसत नव्हते.

सव्वाचारच्या बसनं ती परत निघाली. ह्या रस्त्याला बस एकच, सकाळी वर जंगलाकडे जायची ती दुपारी खाली यायची. फाट्यावर गाडी थांबली तसे कामावरून परतलेले चारपाच गडी उतरायला उठले. उतरताना प्रत्येक जण पुढं गेला, इंजिनच्या झाकणामागं वाकला आणि आपापला कोयता उचलून कमरेला पाठीमागं बांधलेल्या लाकडी आकडीत खोचून खाली उतरला. सुमंगला दारातच उभी राहिली. कंडक्टर बाई म्हणाली, "चढा की हो, का गाडीला सांगू उद्या या म्हणून?"

४

कंडक्टर कविता जिभेनं तिखट, पण मनानं सरळ. पुढच्या सीटवर सुमंगलेला बसवून तिनं सांगितलं.

"आकडीत कोयता घालून सीटवर बसाय येतंय का? सीट फाटतात, शेजारच्याला लागतंय. म्हणून चढताना पुढं ठेवायचा, उतरताना न्यायचा. मी यायच्या आधीपासनंच असं हाय. आजपर्यंत कुणाचा कोयता बदलला न्हाई की हरवला न्हाई."

"वासू त्या दिवशी ह्याच गाडीत होता?"

"व्हय. सकाळी वर जाताना. पावणेअकराला चौकीजवळ पोलिसानं हात केला, गाडीत चढला आणि वासूला दंडाला धरून खाली ओढला. त्यो म्हणत व्हता, माझा कोयता, माझा कोयता. कोण ऐकतंय? आम्ही निघालो."

"म्हणजे कोयता गाडीतच राहिला."

"गाडीत राहिला, आमच्याबरोबर वर गेला आणि आमच्याबरोबर परत आला. चारला चौकीच्या अलीकडच्या वळणावर दिला मी."

सुमंगलेनं डोळे मिटले. चार तासांचं कोडं सुटलं होतं. ते तिघं डॉक्टरची वाट बघत नव्हते, वरिष्ठांच्या हुकमाचीही नाही. माणूस आधी मेला, मग त्यानं हल्ला केला असं ठरलं, आणि हल्ल्याला लागणारा कोयता बसमधून हिंडत होता. ते चारच्या बसची वाट बघत बसले होते.

आणि हे ठरवणारा कोण? प्रशांतचा पाय कधी जीपमधून खाली लागला नाही. महाबळेश्वर महिन्यापूर्वी समुद्राकाठून आलेला. वासूचा कोयता इंजिनच्या झाकणामागं असणार आणि चारला परत येणार, हे सुचायला ह्या बसनं शाळेला गेलेलाच माणूस पाहिजे.

"खाली ओढणारा पोलीस कसा होता?" तिनं विचारलं. उत्तर तिला नको होतं.

"तरणा. मिशी बारीक. आमच्याच बाजूचं बोलत व्हता."

"हे आधी कुणाला सांगितलं नाहीस?"

"मला कुणी इचारलं?"

"बरं, चारला कोयता त्यानंच घेतला?"

"न्हाई ओ," कविता म्हणाली. "पोलिसाला कशाला देईन मी? एक बाई वळणावर उभी व्हती, तिला दिला. पुतळीला. वासूच्या बायकोला."

५

सकाळी सुमंगलेनं नागराजला चौकीमागच्या फणसाखाली बोलावलं. सलाम करायला त्यानं हात उचलला, तिनं मानेनंच नको म्हटलं.

"पावणेअकराला तू बसमध्ये चढलास, गुंदला नव्हतास," ती म्हणाली. "फौजदार कोर्टात, हवालदार चुलीपाशी. वासूबरोबर बाहेर तू एकटाच होतास. दुपारी तू वाडीत गेलास आणि पुतळीला वळणावर पाठवलंस. मी चुकत असले तर सांग."

तिला वाटत होतं, तो अजून नाही म्हणेल, अजून काहीतरी निघेल.

"फौजदार रोज म्हणायचे," तो बोलला. "तुझीच माणसं ही. चहा पाज त्यांना, तू काय विचारणार. सगळ्यांसमोर म्हणायचे. त्या दिवशी मी वासूला बाकावर बसवला, सरळ विचारत होतो, कागद समोर ठेवून. तर तो म्हणाला, नागू, तुझ्या बापाबरोबर लाकडं ओढली मी, मला काय विचारतोस, पाणी दे जरा. हवालदार आत हसले."

"म्हणून मारलंस."

"दोन पायावर. तेवढेच मारणार होतो, मॅडम, देवाशपथ."

"तिसरा?"

"तो उठायला लागला. पाठ माझ्याकडं होती. पुन्हा नागू म्हणाला."

ज्या पोरानं पेपरात लिहिलं होतं की बसलेल्या, पाठमोऱ्या, रिकाम्या हाताच्या माणसावर काठी उचलता येत नाही, आणि तिनं ज्याला दहातले दहा दिले होते, तोच हा.

"दोनला फौजदार आले. म्हणाले, कोयता पाहिजे, नाहीतर तिघंही जातोय. मी सांगितलं कोयता कुठं असेल ते. मी स्वतः घेतला असता तर कंडक्टरच्या ध्यानात राहिलं असतं."

"म्हणून बायकोला पुढं केलंस."

"तुम्हाला मी पत्र लिहिलं होतं," तो एकदम म्हणाला. "मला माझ्या तालुक्यात घालू नका म्हणून. तिथं मला कुणी पोलीस मानणार नाही म्हणून."

लिहिलं होतं. आणि तिनं वर शिफारस केली होती की ह्याला इथंच द्यावं, गावचा मुलगा आहे, लोकांची भाषा बोलतो, ह्याला काठी उचलावी लागणार नाही. केवढा अभिमान वाटला होता तिला ते वाक्य लिहिताना.

"माझी बाजू लिहाल ना, मॅडम?"

"लिहीन. फौजदारांनी काय केलं ते लिहीन, हवालदार भात ढवळत बसले तेही लिहीन. तुझ्या पत्राचं आणि माझ्या शिफारशीचंही लिहीन, त्याचा जाब मला देऊ दे. पण मारलंस तू, नागराज."

तो रडायला लागला. तिनं आयुष्यात कितीतरी आरोपींना रडताना बघितलं होतं, आणि ह्याच्या खांद्यावर हात ठेवायला तिचा हात दोनदा उचलला गेला. तिनं ठेवला नाही.

नागराज हे सगळं उद्या वकिलासमोर फिरवणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं. कोयता बसमधून पुतळीकडे आला हे कविता सांगेल. पुतळीच्या हातून तो पोलिसांकडे गेला, हे मात्र एकटी पुतळीच सांगू शकत होती. आणि ते सांगायचं तर देमूसमोर, सगळ्या वाडीसमोर सांगायचं.

६

पुतळी घरामागच्या परड्यात होती. सुमंगला तिच्याजवळ खाली जमिनीवरच बसली आणि म्हणाली, "कविता कंडक्टरनं मला सगळं सांगितलंय."

पुतळीनं हातातला विळा खाली ठेवला.

"नागू आल्ता गाडी घेऊन. वैनी म्हणाला मला. म्हणाला, वासूदादाचा कोयता बसमधी राहिलाय, त्येची नोंद केल्याबिगर सोडता येत न्हाई, तुम्ही आणून द्या, लगेच सोडतो. मी पळत गेले, अक्का. दोन मैल पळत गेले, बस चुकंल म्हणून. कोयता नेऊन दिला. आणि त्याच कोयत्याचं निमित करून त्यांनी त्येला मारला. मी मारला. मी नेला नसता तर जिता असता तो."

तर गेले पाच दिवस ही बाई हे पोटात घेऊन बसली होती. देमू तिकडे कोयता देणाऱ्याला शिव्या देत होता आणि ही इकडे त्याचीच भाकरी थापत होती.

"पुतळी, ऐक," सुमंगला म्हणाली. "तू चौकीवर किती वाजता पोचलीस?"

"चारची बस गेली, त्येच्यानंतर चालत. साडेचार झालं असतील."

"वासू एक वाजता गेला. डॉक्टरांनी लिहून दिलंय. नागू तुझ्याकडं आला तेव्हासुद्धा तो गेलेलाच होता. तू कोयता नेलास म्हणून त्याला कुणी मारलं नाही. मारून झाल्यावर तुझ्याकडून कोयता मागवला."

हे ऐकून पुतळीच्या छातीवरचा दगड उतरेल असं सुमंगलेला वाटलं होतं, आणि तिथंही ती चुकली.

"मी पायरीवर बसल्ते," पुतळी म्हणाली. "आत सोडलं न्हाई मला. तांदळाची भाकरी आणल्ती बांधून, सकाळपासनं उपाशी असंल म्हणून. नागूला म्हटलं, तेवढी द्या त्येला. त्येनं घेतली. आत नेली. बाहेर येऊन म्हणाला, खातोय तो, तुम्ही जावा, सकाळी सोडतो." तिनं पदर तोंडाशी धरला. "खातोय म्हणाला, अक्का."

मग ती रडली. वासू गेल्यापासून पहिल्यांदाच रडली असं शेजारची बाई नंतर म्हणाली. सुमंगलेनं ह्या वेळी हात आवरला नाही, तिला जवळ घेतलं, आणि स्वतःही रडली. चौकशी अधिकाऱ्यानं रडू नये असा काही नियम तिनं तरी कुणाला शिकवलेला नव्हता.

दुपारी ओसरीवर वाडीतली माणसं गोळा झाली. पंच म्हणून दोघं बसले. देमू खांबाला टेकून उभा होता. पुतळीनं खाली बघतच सगळं सांगितलं, कोयत्याचं, बसचं, भाकरीचं. तिचं सांगून व्हायच्या आत देमू ओसरी उतरून शेताकडे निघून गेला आणि दिवस मावळला तरी आला नाही. तो काय ठरवून येईल, हे कुणालाच सांगता येत नव्हतं, पुतळीलाही नाही.

सुमंगलेनं जबाब लिहून काढला आणि तिला वाचून दाखवला. वासूनं कुणावर कोयता उगारला नव्हता, हे आता कागदावर आलं होतं. त्यात लिहिलं होतं: अमुक दिवशी, दुपारी चार वाजता, मी बसमधून माझ्या नवऱ्याचा कोयता घेतला आणि चौकीवर जाऊन पोलीस नागराज यांच्या हाती दिला. पुतळीनं अंगठ्याला शाई लावून घेतली, पण अंगठा टेकवायच्या आधी थांबली.

"एवढंच लिव्हलंय?"

"अजून काय लिहू?"

"कोयता दिला, एवढंच वाचतील की लोक," ती म्हणाली. "त्येच्याम्होरं लिव्हा, मी त्येला सोडवायला गेल्ते."